11-ए: विमानातल्या चांगल्या जागेची शंभर वर्षे

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील 242 जणांपैकी 241 जण मृत्युमुखी पडले. वाचलेला एकमेव प्रवासी 11-ए या आसनावर, संकटकालीन दरवाजालगत बसला होता. पुढच्या काही दिवसांत प्रवासी तिकीट काढताना आवर्जून 11-ए मागू लागल्याच्या बातम्या छापून आल्या.

वास्तविक 11-ए हा आकडा प्रत्येक विमानात वेगळ्या जागी पडतो. कुठे तो पंखाच्या पुढे असतो, कुठे पंखावर. युरोपात धावणाऱ्या काही बोइंग 737 विमानांत तर त्या आसनाला खिडकीसुद्धा नाही, कारण तिथल्या भिंतीतून वातानुकूलनाची नळी जाते. तरीही लोकांनी तो आकडा मागितला यात नवल नाही. लांबच्या प्रवासात कुठे बसावे, हा प्रश्न विमानाहूनही जुना आहे. ज्या पिढीला ज्या गोष्टीचा सर्वाधिक त्रास किंवा धाक होता, त्यावरून त्या पिढीने चांगली जागा ठरवली. त्यामुळे एका काळात मोलाची असलेली जागा पुढच्या काळात टाकाऊ ठरली, आणि उलटही घडले. हा धागा त्या उलथापालथीचा आहे.

सुरुवात जहाजापासून करावी लागते. ‘पॉश’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, त्याची व्युत्पत्ती विचारण्याचे कुणाला सुचत नाही. विचारलीच, तर एक लोकप्रिय कथा हमखास ऐकू येते. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींत जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली थंड असे. श्रीमंत प्रवासी तशीच खोली राखून ठेवत, आणि त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे उमटवली जात. कथा सुंदर आहे, पण तिला आधार नाही. तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत.

मात्र कथेतील भूगोल खरा आहे. सुएझपासून मुंबईपर्यंतच्या वाटेवर सूर्य बहुतांश काळ दक्षिणेकडे असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाची डावी बाजू उत्तरेला येते आणि सावलीत राहते. वातानुकूलन नसलेल्या लोखंडी जहाजात तांबडा समुद्र ओलांडताना ही सावली फार मोलाची असणार. हिवाळ्यात दिवसा लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानातही ऊन बहुधा उजव्या खिडक्यांवरच येते. दंतकथा खोटी असली, तरी त्या काळच्या प्रवाशाला कशाचा त्रास होता ते तिच्यावरून कळते. त्याचा शत्रू उष्मा होता.

विमान आले तेव्हा शत्रू बदलला. 30 मार्च 1929 रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा आणि भाडे 130 पौंड होते. हा सगळा प्रवास हवेतून होतही नसे. क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तिथून आगगाडीने जिनोआ, मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, पुन्हा आगगाडीने कैरो, आणि तिथून डी हॅविलँड हर्क्युलिस विमानाने वाळवंटावरून कराची, असा तो मार्ग होता. रात्री उड्डाण नसे. प्रवासी वाटेत मुक्काम करीत. पुढे इराकच्या वाळवंटातील रुतबा येथे तर चक्क तटबंदी असलेल्या किल्ल्यात त्यांची सोय होऊ लागली.

त्या काळातील अनेक विमानांत प्रवाशांना वेताच्या खुर्च्या असत. पाहणाऱ्याला ती बागेतल्या बैठकीची हौस वाटावी, पण कारण साधे होते: वेत हलका असतो. क्रॉयडनला सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन केले जाई. काट्याची तबकडी कर्मचाऱ्याकडे वळवलेली असे, जेणेकरून आकडा चारचौघांत जाहीर होऊ नये. छोट्या विमानात भार पुढेमागे झाला की तोल बिघडतो. त्यामुळे कोण कुठे बसणार हे प्रवाशाच्या आवडीपेक्षा त्याच्या वजनावर अधिक अवलंबून होते. जागा निवडण्याचा हक्क प्रवाशाकडे यायला अजून बराच अवकाश होता.

1931 साली इम्पीरियलच्या ताफ्यात हँडली पेज एचपी 42 हे चार इंजिनांचे अवाढव्य द्विपंखी विमान दाखल झाले. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग, आत आगगाडीच्या उंची डब्यासारखी सजावट, गाद्यांच्या खुर्च्या. त्याच्या आतल्या रचनेकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वेकडच्या मार्गावरील विमानात सुरुवातीला अवघे 18 प्रवासी बसत, आणि तेही दोन वेगळ्या दालनांत: काही अगदी पुढे, काही मागे. मधला भाग सामान, टपाल आणि स्वच्छतागृहे यांना दिलेला होता, कारण इंजिने आणि त्यांचे फिरते पंखे नेमके त्या मधल्या भागाच्या बाजूला होते. तिथला गोंगाट आणि थरथर माणसाने सोसण्यापेक्षा टपालाच्या थैल्यांनी सोसावी, असा तो हिशेब होता. आजच्या प्रवाशाला विमानाचा मध्यभाग सर्वांत स्थिर म्हणून सुचवला जातो. 1931 च्या अभियंत्याने तिथे माणूस बसवायचेच नाकारले होते.

(याच जातीचे ‘हॅनिबल’ हे विमान 1 मार्च 1940 रोजी ओमानच्या आखातावर आठ जणांसह नाहीसे झाले. त्यांत मद्रास प्रांतातील जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. विमानाचे अवशेष सापडले नाहीत.)

दुसऱ्या महायुद्धाआधीचे सर्वांत ऐषारामी प्रवासी विमान म्हणजे 1939 साली सेवेत आलेले पॅन अमेरिकनचे बोइंग 314, अर्थात ‘क्लिपर’. समुद्रावर उतरणाऱ्या या विमानात दिवसा 74 प्रवासी बसत आणि रात्री त्याहून कितीतरी कमी प्रवाशांसाठी झोपण्याचे बर्थ तयार होत. जेवणासाठी वेगळे दालन होते. आणि सर्वांत महागडे खासगी दालन, ज्याला नवविवाहितांचे दालन म्हणून प्रसिद्धी मिळाली, ते होते विमानाच्या अगदी शेपटीकडे. आज स्वच्छतागृहाच्या रांगेला कंटाळून प्रवासी जिथली जागा टाळतात, तिथे त्या काळचा सर्वांत धनिक प्रवासी पैसे मोजून बसत होता. कारण पुन्हा तेच: चार इंजिनांच्या पंख्यांपासून तो कोपरा सर्वांत लांब होता.

युद्धानंतरही हा नियम टिकला. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताची युरोपला जाणारी ही पहिली विमानसेवा. त्यात 35 प्रवासी होते आणि स्वतः जे. आर. डी. टाटाही होते. कॉन्स्टेलेशन, डग्लस डीसी-6 आणि डीसी-7 ही त्या पिढीची लांब पल्ल्याची विमाने पिस्टन इंजिनांवर चालणारी. पंख्यांची पाती पुढच्या दालनाच्या अगदी जवळून फिरत. त्यांचा एकसुरी घणघणाट बारा-चौदा तास ऐकून उतरलेल्या माणसाला जमिनीवरही कानांत तो आवाज येत राही. म्हणून या विमानांत गप्पांचा कोच असलेला भाग अनेकदा मागे असे, आणि जिथे दोन वर्ग होते तिथे महागडा वर्ग बहुधा मागे व स्वस्त वर्ग पुढे बसवला जाई.

मग जेट विमान आले आणि विमानातली प्रतिष्ठा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली.

26 ऑक्टोबर 1958 रोजी पॅन अमेरिकनचे बोइंग 707 न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले. फिरत्या पंख्यांची थरथर संपली होती. जेट इंजिनाचा मुख्य आवाज त्याच्या मागच्या तोंडातून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचा असतो, आणि पंखाखाली टांगलेल्या इंजिनांचे ते तोंड विमानाच्या मागच्या अर्ध्या भागाकडे असते. त्यातच विमानाच्या कायेवरून घसरणाऱ्या हवेचा खळबळता थर मागे मागे जाड होत जातो आणि त्याचाही गोंगाट मागे वाढतो. पुढचे दालन एकाएकी सर्वांत शांत झाले. पहिला वर्ग मागून उठून पुढे आला आणि आजतागायत तिथेच आहे. ‘पुढे बसणे म्हणजे मानाचे’ ही सनातन वाटणारी समजूत प्रवासी विमानांपुरती जेमतेम साडेसहा दशकांची आहे, आणि तिच्या मुळाशी इंजिनाची जागा आहे. एअर इंडियाची बोइंग 707 विमाने 1960 मध्ये आली, आणि त्याच वर्षी ती लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. भारतीय प्रवाशाची अटलांटिक ओलांडणारी सवय याच दालनात घडली.

जेटच्या आगेमागेच दुसरा एक बदल होत होता. त्या काळात आंतरराष्ट्रीय भाडी बाजार ठरवत नसे. विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना एकमताने ठरवी. 1952 साली अटलांटिकवर टुरिस्ट वर्ग आला, आणि एप्रिल 1958 मध्ये त्याहून स्वस्त असा इकॉनॉमी वर्ग. भाडे सर्वांचे सारखे असल्याने कुणी छुपी सवलत देऊ नये, यासाठी सेवा किती साधी असावी हेही करारात बांधले गेले. इकॉनॉमीत जेवण द्यायचे ते साध्या, थंड आणि स्वस्त सँडविचचे. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे एका पावावर मांस, मासे, भाज्यांचा डोंगर रचून त्याला सँडविच म्हटले. पॅन अमेरिकनने तक्रार केली, प्रकरण संघटनेपुढे गेले, सँडविच कशाला म्हणावे यावर खल झाला आणि एसएएसला दंड भरावा लागला. प्रसंग हास्यास्पद खरा, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून एक महत्त्वाची गोष्ट मिळते. इकॉनॉमीतील आसनाची गैरसोय हा निव्वळ काटकसरीचा परिणाम नव्हता. वरच्या वर्गाचे भाडे सार्थ वाटावे इतपत खालचा वर्ग साधा राहिला पाहिजे, ही काळजी जन्मापासून त्याच्या व्याख्येतच होती.

22 जानेवारी 1970 रोजी सेवेत आलेल्या बोइंग 747 ने आणखी एक गंमत केली. पुढे मालवाहू रूपात नाकाडाचा दरवाजा उघडता यावा म्हणून वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर नेली गेली. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या पहिल्या रांगेतील प्रवासी वैमानिकाच्याही पुढे बसू लागला. एअर इंडियाचे पहिले 747, ‘एम्परर अशोक’, 1971 मध्ये मुंबईत आले. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवलेल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे विश्रांतिदालन हे त्या विमानाचे वैभव होते. थोड्याच वर्षांत अनेक कंपन्यांनी अशी दालने मोडून तिथे विक्रीच्या खुर्च्या बसवल्या.

याच सुमारास जागेच्या निवडीत आणखी एक गोष्ट निर्णायक होत गेली, जी आजच्या विशीतल्या वाचकाला कल्पनेनेच समजून घ्यावी लागेल: तंबाखूचा धूर. विमानात सिगारेट ओढणे ही सर्वसामान्य गोष्ट होती. 1973 मध्ये अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळा भाग राखणे बंधनकारक केले. इकॉनॉमीत धूम्रपानाच्या रांगा बहुधा मागे असत. तिकीटखिडकीवर ‘खिडकी की वाटेकडची’ याआधी ‘धूम्रपान की विनाधूम्रपान’ असा प्रश्न येई. दोन्ही भागांमध्ये भिंत नसे, फार तर एक पाटी किंवा पडदा. धुराला पाटी वाचता येत नाही. विनाधूम्रपान विभागाची शेवटची रांग ही त्या काळातील सर्वांत फसवी जागा होती: नियमाप्रमाणे धूरमुक्त, प्रत्यक्षात धुरात बुडालेली. या हवेची सर्वांत मोठी किंमत मोजली ती जागा निवडण्याचा अधिकारच नसलेल्यांनी, म्हणजे विमानातील सेवक-सेविकांनी, आणि बंदीच्या मागणीत त्या आघाडीवर होत्या. अमेरिकेत 1988 मध्ये दोन तासांपर्यंतच्या आणि 1990 मध्ये सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी आली. लांबच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांतून धूर संपूर्ण हटायला 2000 साल उजाडले. आजही विमानाच्या स्वच्छतागृहाशी रक्षापात्र सापडते. कुणी नियम मोडलाच, तर थोटूक कागदाच्या टोपलीत पडून आग लागू नये म्हणून ते नियमाने ठेवावे लागते.

आता पुन्हा 11-ए मागणाऱ्यांच्या प्रश्नाकडे: सर्वांत सुरक्षित जागा कोणती? त्याचे उत्तर देऊ पाहणाऱ्याने 1985 हे वर्ष वाचावे. नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातील ते अत्यंत भीषण वर्ष. 23 जूनला एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे 747 आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटले आणि सर्व 329 जण मारले गेले. तिथे जागेचा प्रश्नच उरला नाही.

12 ऑगस्टला टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे 747 डोंगरावर आदळले. 524 पैकी 520 जण गेले. वाचलेल्या चौघी होत्या, आणि चौघींच्याही जागा विमानाच्या मागच्या भागात होत्या. यावरून ‘शेपटीकडे बसावे’ असा धडा घ्यायला कुणालाही मोह होईल. पण दहाच दिवसांनी, 22 ऑगस्टला, इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर याच्या उलट घडले.

ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग 737 ग्रीसमधील कोर्फू बेटावर सुट्टीसाठी निघालेल्या प्रवाशांना घेऊन धावपट्टीवर वेग घेत होते. विमानात 137 जण होते. अचानक मोठा आवाज झाला. टायर फुटला असावा असे समजून वैमानिकाने उड्डाण रद्द केले. प्रत्यक्षात डाव्या इंजिनाचा भाग फुटून त्याच्या तुकड्याने पंखातील इंधनटाकीला भोक पाडले होते. विमान थांबेपर्यंत मागे आगीचा लोळ तयार झाला, आणि वाऱ्याने ज्वाळा विमानाच्या मागच्या भागावर ढकलल्या. विमान जमिनीवर होते, कुठे आदळले नव्हते, अग्निशामक दल हाकेच्या अंतरावर होते. तरी 55 जण मेले, बहुतेक जण ज्वाळांनी नव्हे तर विषारी धुराने. मृतांत मागच्या भागात बसलेल्यांचे प्रमाण मोठे होते. ज्या शेपटीने जपानमध्ये चौघींना वाचवले, तीच इथे घातक ठरली.

तपास अधिकाऱ्यांनी मग सेकंदासेकंदाचा हिशेब मांडला. पंखावरच्या उजव्या संकटकालीन दरवाजाशी जे घडले, ते या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान असावे. हा दरवाजा बिजागरीवर उघडणारा नव्हता; तो संपूर्ण झाकण म्हणून सुटा होऊन आत येई आणि त्याचे वजन 22 किलोच्या आसपास होते. त्यालगत बसलेल्या तरुणीला हँडल लगेच उमगले नाही. शेजारच्या प्रवाशाच्या मदतीने ते ओढताच झाकण तिच्याच अंगावर कोसळले. ते बाजूला करायला दुसऱ्यांची मदत लागली. दोन रांगांमधली जागा इतकी अरुंद होती की, दरवाजा उघडल्यावरही माणसे त्यातून एकेक करून, आसनांवरून चढत, एकमेकांत अडकत बाहेर पडली. पुढच्या बाजूला दोन स्वयंपाककक्षांमधील चिंचोळ्या वाटेतही तशीच कोंडी झाली.

दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने अशा दरवाजांपाशी एक तर लगतचे आसन काढून टाकावे किंवा रांगांमधील अंतर वाढवावे, असा नियम केला. क्रॅनफिल्ड येथील मानसशास्त्रज्ञ हेलन म्युअर यांनी यावर प्रयोग केले. जुन्या विमानात सामान्य नागरिकांना बसवून बाहेर पडायला सांगायचे, हे पूर्वीही होत असे; पण अशा कवायतीत माणसे सभ्यपणे रांगेने निघतात. म्युअर यांनी पहिल्या निम्म्या माणसांना पाच पौंडांचे बक्षीस लावले. तेवढ्या पाच पौंडांसाठी माणसे खुर्च्यांवरून उड्या मारू लागली, दारात अडकली, एकमेकांना ढकलू लागली. खऱ्या आगीतील वर्तनाची झलक प्रयोगशाळेत मिळाली, आणि अरुंद वाटेत कोंडी कशी होते व वाट रुंद केल्यावर ती कशी फुटते हे मोजता आले.

आज संकटकालीन दरवाजालगतच्या रांगेत पाय लांब करता येतात. विमान कंपन्या ती जागा जादा पैसे घेऊन विकतात. उंच माणसे ती चेक-इन उघडताच पटकावतात. त्या मोकळ्या जागेचा बराचसा इतिहास मँचेस्टरच्या धावपट्टीवर घडलेला आहे. ती जागा पायांसाठी ठेवलेली नसून पळण्यासाठी ठेवलेली आहे, म्हणूनच तिथे बसणाऱ्याला दरवाजा उघडता येईल का असे विचारले जाते, आणि लहान मुलांना तिथे बसवत नाहीत. पुढे ग्रीनिच विद्यापीठातील संशोधकांनी अनेक दुर्घटनांतून वाचलेल्यांच्या जबान्या तपासल्या, तेव्हा आगीच्या प्रसंगी पुढे-मागे यापेक्षा चालू दरवाजापर्यंतच्या रांगांची संख्या अधिक महत्त्वाची असल्याचे दिसून आले. दरवाजापासून पाच रांगांच्या आत बसणाऱ्याची शक्यता बरी. बसल्याबरोबर दोन्ही दिशांच्या दरवाजांपर्यंतच्या रांगा मोजून ठेवण्याचा सल्ला त्यातून येतो: धुरात डोळे कामाचे नसतात, हाताने खुर्च्या चाचपत जावे लागते.

आग ही दुर्मीळ गोष्ट आहे. लांबच्या प्रवासात त्याहून पुष्कळ अधिक लोकांना भेडसावणारा धोका संथ आहे, आणि त्याचा शोध विमानात लागला नव्हता. 1940 च्या शरद ऋतूत जर्मन बॉम्बफेकीमुळे लंडनचे नागरिक रात्र रात्र आश्रयस्थानांत बसून काढत होते. न्यायवैद्यक डॉक्टर कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आले की, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू एकाएकी वाढले आहेत. मृत बहुधा वयस्क होते आणि घडीच्या कापडी खुर्च्यांत बसून झोपलेले होते. खुर्चीची पुढची लाकडी कड मांडीच्या मागच्या शिरा दाबत होती. लोकांना आडवे होता यावे, अशी त्यांची शिफारस होती. 1954 मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी चौदा तासांच्या विमानप्रवासानंतर एका डॉक्टरच्याच पायात गुठळी झाल्याची नोंद केली. पुढे याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले, आणि ते दिशाभूल करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, साधारण सहा हजार उड्डाणांमागे एक. पण बस, रेल्वे, मोटार यांतही तसेच होते. दोष वर्गाचा नाही, न हलण्याचा आहे. आणि इथे खिडकीची जागा हरते. खिडकीशी बसलेला माणूस शेजारच्या दोन झोपलेल्यांना उठवण्याच्या संकोचाने तासन् तास जागचा हलत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क थेट उड्डाण पंधरा-सोळा तासांचे असते. तिथे वाटेकडची जागा घेणारा प्रवासी शहाणा म्हणावा लागेल.

आडवे होण्याची सोय मात्र विमानांत परत आली ती पैशाच्या वाटेने. 1939 च्या क्लिपरमध्ये असलेला बिछाना जेटच्या घाईत हरवला होता. 1978-79 च्या सुमारास, सवलतीच्या तिकिटांवर येणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीत पूर्ण भाडे भरून बसलेल्या व्यापारी प्रवाशांची तक्रार वाढली, तेव्हा त्यांच्यासाठी बिझनेस क्लास निघाला. सुरुवातीला तो फारसा वेगळा नव्हता. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने त्यात पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली, आणि मग सर्वांना तिच्या मागे धावावे लागले. पुढचे दालन जितके लांबले, तितकी मागच्या दालनातली खुर्ची आकसली.

खुर्चीची रुंदी ठरवते ती एका रांगेत किती माणसे कोंबली आहेत ती गोष्ट, आणि हा इतिहास फारसा कुणी पाहत नाही. 1982 मध्ये आलेल्या बोइंग 767 मध्ये इकॉनॉमीची रांग दोन-तीन-दोन अशी होती. सातांपैकी एकालाच दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसावे लागे. इकॉनॉमीच्या प्रवाशासाठी याहून दयाळू रचना लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात क्वचितच झाली असेल. 1995 मध्ये आलेल्या 777 मध्ये बहुतेक कंपन्यांनी नऊ आसने लावली. आज बहुतेकांच्या विमानात दहा आहेत. विमान तितकेच रुंद आहे. 787 ची आखणी आठ आसनांच्या सोयीची होती. 2011 नंतर जवळजवळ सगळ्यांनी नऊ बसवली. जपान एअरलाइन्सने लांब पल्ल्याच्या 787 मध्ये आठच ठेवली.

म्हणून 11-ए की 32-के हे ठरवण्यापूर्वी विमान कोणते आणि त्याची रांग कशी मांडली आहे, हे पाहिलेले बरे. एअरबस ए330 मध्ये बहुधा दोन-चार-दोन अशी रचना असते. जोडप्याने त्यात कडेच्या दोन जागा घ्याव्यात. शेवटच्या रांगेची पाठ पुष्कळदा मागे रेलत नाही. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय मोकळे राहतात, पण तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच अडकवले जातात. हेलकाव्यांची भीती वाटणाऱ्याने पंखाजवळ बसावे, कारण विमान आपल्या भारकेंद्राभोवती डोलते आणि डोलणाऱ्या फळीच्या मध्यावर झोका सर्वांत लहान असतो. हीच ती जागा, जिथे एचपी 42 च्या अभियंत्याने टपालाच्या थैल्या ठेवल्या होत्या.